नळीत उरलेलं औषध

मंगळवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस.

आमच्या वॉर्डात एक घड्याळजी आजोबा आहेत. काल त्यांना उलटीवरचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं होतं. ते घाईनं दिलं तर माणूस घाबराघुबरा होतो, हे तू नर्स होतीस तेव्हा तूच मला शिकवलंस. मी चांगली दोन मिनिटं लावली. आजोबा मनगटावरच्या घड्याळात बघत माझी चेष्टा करत होते, की एवढ्यात तर मी सेल बदलून दिला असता. मग सलाइनची सिरिंज मारून त्यांच्या हातातल्या सुईला जोडलेली नळी धुतली आणि वळले, तोच ते ताडकन उठून बसले. चेहरा पांढराफटक. मला इथून बाहेर काढा म्हणून ओरडत सुटले, सुईसकट पळायला बघत होते. डॉक्टर आले, बऱ्याच वेळानं ते निवळले.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात, तू घाईच केलीस. माझं इंजेक्शन देणं बंद केलंय. शनिवारी मेट्रनपुढे उभं राहायचंय. नोकरी पक्की व्हायच्या आधीच जायची वेळ आलीय. आजोबा मात्र सगळ्यांना ठणकावून सांगताहेत की पोरीनं दोन मिनिटं लावली, मी घड्याळ बघत होतो. आत्या, मी खरंच घाई केली नाही गं. मग चुकलं कुठे?

माया आहे तशी राहू दे, सध्या तेवढाच आधार आहे.
तुझी,
टकळी

गुरुवार

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजोबांना नीट हलता यावं म्हणून लांब नळी जोडली होतीस का गं? तसं असेल तर ऐक. तुझ्या त्या दोन मिनिटांत औषध नळीतच भरत होतं, शिरेत पोचलं थोडंच. मग तू सलाइन जोरात दिलंस, आणि त्यानं नळीतलं सगळं औषध एका दमात आत ढकललं. औषधाइतकंच सावकाश सलाइनही द्यायचं असतं.

म्हणजे घाई झाली बाई, आणि तुझ्याच हातून. गोड बोलून तुला फसवणार नाही. आजोबांच्या साक्षीवर तू कदाचित सुटशीलही. पण उद्या दुसरी कुणी तशीच नळी लावेल, आणि तिच्या सिरिंजमध्ये याहून जहाल औषध असेल. काय ते तूच ठरव. मी इथे जीव मुठीत धरून बसलेय.

वेळेवर जेव, आणि म्हातारीवर रुसू नकोस.
तुझी,
आत्या

रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नळी लांबच होती. आजोबांना खिडकीपाशी बसता यावं म्हणून मीच हट्टानं जोडली होती. आधी तुझाच राग आला. वाटलं, पत्र फाडून टाकावं, कुणाला कळतंय!

मेट्रन स्वतःच म्हणाल्या की साक्षीदार आहे, तेव्हा आजोबांच्या वयामुळे झालं असं समजू. नुसती मान डोलावली असती तरी सुटले असते. पण मी नळीचं आणि सलाइनचं सगळं सांगून टाकलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, की सलाइन तर आम्ही सगळ्याच असं देतो, मीसुद्धा. नोकरी पक्की होणं महिनाभर लांबलंय, आणि तोवर इंजेक्शन देताना शेजारी कुणीतरी हवं.

मग आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माफी मागितली तरी वळले नाहीत. मी फार रडले गं.

आज सकाळी त्यांना पुन्हा मळमळायला लागलं. डॉक्टरांनी औषध बदललं, पण तेही सावकाशच द्यायचं. सिस्टर स्वतः सिरिंज घेऊन गेल्या, तर आजोबांनी हात पांघरुणात लपवला. भीती वाटते म्हणाले, आणि त्या पोरीला बोलवा म्हणाले. मी गेले, सिस्टर शेजारी थांबल्या. औषध दिलं, मग सलाइनही तितकंच हळू दिलं. मी सुरुवात करायच्या आधीच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून उशाखाली ठेवलं होतं. सलाइन संपायच्या आत त्यांना झोप लागली.

तुझा राग आला होता तेवढीच आता आठवण येतेय. अशीच रागवत राहा.
तुझी,
टकळी