घड्याळ पडलं नव्हतं

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी बरी असेल, लेकीची परीक्षा चांगली गेली असेल. मीही ठीक आहे. झालं क्षेमकुशल. आता भांडते.

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी तोंड उघडलं की तुला तिकडून कुणीतरी नेमकी हाक मारतं. म्हणून हे पत्र.

बाबांच्या घड्याळाबद्दलचा तुझा मेसेज मिळाला. मेसेज कसला, हुकूमच. कंपनीच्याच दुरुस्ती केंद्रात द्यायचं, काच नवी, तबकडी नवी, पॉलिश करून अगदी कोरं करकरीत करून घ्यायचं आणि तुझ्या पन्नासाव्या वाढदिवसाआधी तुझ्याकडे पोचवायचं. आणि वर ते शेवटचं वाक्य: ‘एवढी मोलाची वस्तू तुझ्या हलगर्जीपणामुळे बंद पडली, आता तरी नीट लक्ष दे.’

हलगर्जीपणा! तीनदा वाचला तो शब्द. चार वर्षं बाबांच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली मी. त्यांची नखं कापताना श्वास रोखून धरायचे. घास गिळलाय की गालात ठेवलाय, हे त्यांच्या जबड्यावरून ओळखायचे. तू या चार वर्षांत तीनदा आलास. तिसऱ्यांदा आलास तेव्हा तू आल्याचं कळायला ते उरले नव्हते.

वीजकेंद्रातलं पहिलं जनित्र बाबांनी सुरू केलं आणि परदेशी कंपनीने खूश होऊन त्यांना हे सोन्याचं घड्याळ दिलं, ही गोष्ट तू मित्रांना किती रंगवून सांगतोस. सांग की. पण ते घड्याळ शेवटी कुठल्या हातावर होतं आणि त्या हाताला आंघोळ कोण घालत होतं, तेही कधीतरी सांग.

घड्याळ कपाटावरून पडलं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पडतात वस्तू.

तरी तुझा मान राखला. काल अर्धी रजा टाकून, कंपनीच्या केंद्राऐवजी इथल्या घड्याळजींकडे गेले. जिन्याखालचं त्यांचं दुकान जेमतेम एका टेबलाएवढं आहे. म्हाताऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठचं झाकण उघडलं.

“काय झालं होतं?”

“पडलं.”

“कुठून?”

“कपाटावरून.”

त्यांनी घड्याळ दिव्याखाली धरून चारी बाजूंनी पाहिलं. मग भिंग काढलं. “आतल्या तोलचक्राचा आस मोडलाय, म्हणून बंद आहे. तो मी बसवून देईन. पण बाई, हा कोपरा बघा. नुसतं पडलेलं घड्याळ इतकं चेपत नाही. हे कुणीतरी जोरात आपटलंय. घरात लहान मुलं आहेत?”

“नाही.”

पुढे त्यांनी विचारलं नाही. मी दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासते, तुटलेली कवळी हातात आली की चावताना तुटली की फेकल्यामुळे, हे मलाही कळतं. आणि लोक खोटं सांगतात तेव्हा मीही गप्प बसते. मी घड्याळ उचललं, “उद्या सांगते” म्हटलं आणि घरी आले.

१६ नोव्हेंबर

परवा पत्र तिथेच थांबवलं. फाडून टाकणार होते. आता पूर्ण करते.

घड्याळ पडलं नव्हतं, दादा. मी फेकलं.

बाबा मला ओळखेनासे झाले होते, हे तुला माहीत आहे. मी त्यांच्यासाठी ‘ही बाई’ होते. ‘ही बाई चांगली आहे’, ‘ही बाई पाणी देत नाही.’ त्याची मला सवय झाली होती. पण त्या दुपारी त्यांना घड्याळ सापडेना आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. “चोर शिरलाय. माझ्या मुलाला बोलवा.” म्हणून मीच तुला फोन लावून त्यांच्या कानाला धरला. त्यांनी तुला सांगितलं, “ही बाई माझं घड्याळ चोरते.” मग मी फोन घेतला. तू हसशील, म्हणशील, ‘बाबांचं काय मनावर घेतेस,’ असं वाटलं होतं.

आठवतंय काय म्हणालास? आवाज खाली आणून म्हणालास, “खरं सांग, तू ठेवलंयस का कुठे बाजूला?”

मी फोन ठेवला. पाचच मिनिटांत घड्याळ त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात सापडलं. ते हातात आलं आणि मी होती नव्हती ती ताकद लावून समोरच्या भिंतीवर आपटलं.

बाबा पलंगावरून बघत होते. घाबरले. नंतर मान खाली घातली, लहानपणी आपण घालायचो तशी. ते मला कधीच विसरता येणार नाही. मी घड्याळ उचललं, त्यांनी हात पुढे केला, मी ते बांधलं. नंतरचे अकरा महिने त्यांनी ते बंद घड्याळच वापरलं. “किती वाजले?” म्हणून मला विचारायचे. मी सांगायचे. मग मनगटाकडे निरखून बघायचे आणि म्हणायचे, “बरोबर.”

आजारी माणसावर मी राग काढला. त्याची लाज मला आहे आणि राहील. पण त्यांना आजार होता, दादा. तुला काय झालं होतं?

आज घड्याळजींकडे जाऊन आले. आस बसवा म्हटलं, काचही बदला. तबकडी तशीच राहील आणि चेपलेल्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, असं बजावलं. “मग नव्यासारखं नाही दिसणार,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नकोच आहे.” पट्टा माझ्या मनगटाच्या मापाचा सांगितलाय. पुढच्या आठवड्यात मिळेल आणि रोज त्याला किल्ली मी देणार आहे.

वाढदिवसाला ते तुझ्याकडे येणार नाही. हवंच असेल तर तू ये. माझ्या समोर बस आणि त्या दिवशी फोनवर विचारलंस तेच मला पुन्हा एकदा विचार, माझ्याकडे बघून. विचारता आलं तर घेऊन जा.

नाही विचारता आलं, तरी ये.

तुझी,
जिने काहीही चोरलं नव्हतं ती
धाकटी बहीण