अहवालाचं दुसरं पान

३ जुलै, बुधवार

शाळेत मशीन आलं. दोन खोके, वर "उलटे करू नये" लिहिलेलं आणि दोन्ही उलटेच ठेवलेले. चेहरा दाखवला की हजेरी लागणार. मुलांची, आमचीही.

मुख्याध्यापक भोयर सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "हे कोण पाहीन?" सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मुख्याध्यापकांनी विचारलं की आमच्याकडे असंच होतं. मग सर माझ्याकडे वळले. "वनिता पाहीन. विज्ञानवाली आहे."

त्यांना नाही म्हणता येत नाही. अठरा वर्षांपूर्वी या आश्रमशाळेत लागले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मलेरिया झाला. धानोऱ्यात माझं कोणी नव्हतं. सरांनी आणि वहिनींनी आठ दिवस आपल्या घरी ठेवलं. वहिनी पेज भरवायच्या, सर रोज माझे तास घेऊन यायचे आणि काय शिकवलं ते सांगायचे. आपल्या माणसाचं काम आहे, करायचं.

६ जुलै, शनिवार

मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला. इरफान, घुग्घुसचा. तिशीतला, कमी बोलणारा. एक मशीन शाळेच्या दारात, दुसरं मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात.

मी विचारलं, हे चुकतं कुठे कुठे?

तो स्टुलावरून खाली उतरला. म्हणाला, "मॅडम, सगळे विचारतात चालू कसं करायचं. हे आजवर कोणी नाई विचारलं." मग व्हरांड्यात बसून नीट सांगितलं. लाइट गेली की बॅटरी दोन तास. रेंज नसली की हजेरी मशीनमध्येच अडकून राहते. अंधारात चेहरा धरत नाही. "आणि बहिणी बहिणी असल्या तर फसते कधी कधी. सेटिंग कडक केली तर एकेकाले वेळ लावते. ढिली केली तर एकीच्या जागी दुसरीले घेते."

सगळं वहीत लिहून घेतलं.

९ जुलै, मंगळवार

चाचणी. मशीनमधली बाई "धन्यवाद" म्हणते. दुपारपर्यंत पोरी एकमेकींना त्याच आवाजात धन्यवाद म्हणायला लागल्या.

नरोटे बहिणी. रोशनी आठवीत, करिश्मा सातवीत. करिश्मा उभी राहिली आणि मशीन म्हणालं, रोशनी नरोटे, धन्यवाद. पूर्ण रांग हसली. रोशनी तर ओढणी तोंडात धरून हसत होती. मला हसू आलं नाही. करिश्माला पुन्हा उभं केलं, तेव्हा तिचं स्वतःचं नाव आलं.

इरफानला सेटिंग कडक करायला लावली. रांग व्हरांड्याबाहेर गेली. वसतिगृहाच्या अधीक्षिका कुमरे बाई वैतागल्या. "एवढ्या पोरी हायत मॅडम. अशानं जेवाले आठ वाजतीन." त्यांचंही खरं. एकट्या असतात. सेटिंग परत ढिली झाली.

एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बहिणींच्या पाच जोड्या निघाल्या. यादी केली.

१२ जुलै, शुक्रवार

अहवाल झाला. तीन पानं, शाळेच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केला. पहिल्यावर काय बसवलं, कुठे बसवलं. तिसऱ्यावर कोणाला शिकवलं ती नावं आणि माझी सही. मधलं पान महत्त्वाचं. काय काय बिघडू शकतं आणि त्यावर काय करायचं. निदान दिवाळीपर्यंत कागदी हजेरी सोबत चालू ठेवावी. बहिणींच्या पाच जोड्यांची हजेरी हातानं घ्यावी. रात्री निजायच्या आधी पोरी डोळ्यांनी मोजाव्यात, मशीन काही म्हणो.

मशीनचे शब्द बरोबर आहेत का म्हणून मधलं पान तेवढं इरफानला पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

सरांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. दोनदा. "तू आहे म्हणून मी बिनघोर आहो," म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

३० जुलै, मंगळवार

वरच्या कार्यालयातून साहेब आले. शाल, फोटो, आठवीच्या पोरींचं ढेमसा नृत्य. साहेबांनी स्वतः चेहरा दाखवला, मशीननं त्यांना ओळखलं नाही, सगळे जपून हसले. या भागात मशीन सगळ्यात नीट चालवणारी शाळा हीच, असं भाषणात म्हणाले. माझंही नाव घेतलं. "रामटेके मॅडमचा अहवाल फार चांगला आहे. स्पष्ट आहे."

म्हणजे वाचलाय. वाचून काही शंका विचारल्या नाहीत, याचं थोडं नवल वाटलं. 

१ ऑगस्ट, गुरुवार

सरांनी वर्गाचे कागदी हजेरीपट जमा करायला सांगितले. आजपासून फक्त मशीन.

मी म्हटलं, सर, दिवाळीपर्यंत म्हटलं होतं ना आपण.

"वरचा आदेश आहे. तुझा अहवाल पाहूनच दिला त्यायनं. आता दोन दोन ठिकाणी हजेरी म्हणजे मशीनवर विश्वास नाई असं होते."

माझा अहवाल पाहून हा आदेश कसा निघेल? विचारायचं होतं. घंटा झाली. हजेरीपट टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेले.

२१ ऑगस्ट, बुधवार

खरं सांगायचं तर सोपं झालंय. सकाळची वीस मिनिटं वाचतात. मोबाइलवर वर्ग उघडायचा, हिरवे ठिपके बघायचे, शिकवायला लागायचं. पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात मोजायचे. आता तेही...

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी नरोटे बहिणींची आई आली. बाजाराला आली होती, पोरींसाठी मुरमुऱ्याचे लाडू आणले होते. मी ऑफिसातच होते. म्हणाली, रोशनीले बोलवा. शिपाईबाई जाऊन आली, वर्गात नाही. वसतिगृहात नाही. आजारी पोरींच्या खोलीत नाही.

सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे पा बाई, आज सकाळी हजर आहे. काल रात्री हजर आहे. इथंच असंन कुठी."

आईला वाचता येत नाही. ती हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "पण पोरगी कुठी हाय?"

करिश्माला बोलावलं. तिला वाटत होतं, ताई आजारी पोरींच्या खोलीत आहे. बुधवारी ताईला ताप होता. ताईनं कुमरे बाईंना घरी जाऊ का विचारलं, बाई म्हणाल्या उद्या पाहू. त्यानंतर करिश्मानं ताईला पाहिलंच नाही.

मी विचारलं, मग ताईची हजेरी कोणी लावली? ती गोंधळली. "मी उभी राह्यली का ताईचं नाव येते. मग बाई म्हणते, तुझं नाई आलं, परत उभी राह्य. मग माझं येते." शाळेच्या दारावरही तसंच. तिला यात चूक काय तेच कळेना. चूक नव्हतीच तिची.

बुधवार संध्याकाळपासून. दोन दिवस पोरगी नाही आणि कोणी शोधत नाही. शोधणार का? ती हजर होती.

शिक्षक, गावकरी, पोलीस, सगळे रस्त्याला लागलेत. पाऊस थांबत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

सापडली. जिवंत आहे.

शेतातून परतणाऱ्या बायांच्या मागे मागे निघाली होती. त्यांचं गाव अलीकडेच, त्या वळल्या. पुढे नाल्याला पूर. एकटी धानाच्या बांधावरच्या राखणीच्या झोपडीत शिरली आणि तापात तिथंच पडून राहिली. आज सकाळी शेतवाली बाई पाणी बघायला गेली, तिला दिसली.

धानोऱ्याहून लगेच गडचिरोलीला नेलं. मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया म्हणतात डॉक्टर. दोन दिवस आधी आणली असती तर, म्हणाले.

आई लाडवांची पिशवी अजून हातात धरून आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

रोशनी शुद्धीवर आली. डावा हात नीट उचलत नाही. सुधारेल म्हणतात.

सरांचा फोन. "घाबरू नोको. चौकशी येईन. मी आहो ना. तू जास्त बोलू नोको, विचारतीन तेवढंच सांग." मला धीर आला. वाटलं, अहवाल तर आहेच. आपण आधीच सगळं लिहून दिलं होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

चौकशी समिती. तिघं. माझ्यासमोर माझाच अहवाल ठेवला.

"ही सही तुमची?"

हो.

"मग दुसरं पान वाचा."

वाचलं. चाचणीत एकही त्रुटी आढळली नाही. मशीन सर्व विद्यार्थ्यांना अचूक ओळखते. कागदी हजेरीची आवश्यकता राहिलेली नाही.

पहिलं पान माझं. तिसरं माझं. मधलं माझं नाही. अक्षरं जराशी मोठी, ओळी जराशा सुट्या. बारकाईनं पाहिल्याशिवाय कळणार नाही. नरोटे बहिणींसारखं.

म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. बाई होत्या एक समितीत, त्या म्हणाल्या, "मग तुमची प्रत दाखवा." कॉम्प्युटरवर पाहिलं. फाइल नाही. ऑफिस कॉपी बघितली, त्यातही हेच पान.

भोयर सर शेजारच्या खुर्चीवर होते. पंख्याकडे बघत होते. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा कळलं. त्याआधी क्षणभरसुद्धा त्यांच्यावर संशय आला नव्हता. कार्यालयातलं कोणी असेल असंच वाटत होतं.

सोमवारपर्यंत लेखी जबाब द्यायचा आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. उभ्यानंच विचारलं, का?

नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही. चष्मा काढून पुसत बसले.

"वरून रोज फोन येत होता. तालुक्यातल्या बाकी शाळा ओके ओके लिहून मोकळ्या झाल्या. आपलीच एक, त्यात इतक्या अडचणी. साहेब म्हणे, तुमच्या शाळेले नोको असंन तर तसं लिहून द्या. मार्चमध्ये मी रिटायर होतो, वनिता. जाता जाता शाळेवर ठपका नको होता."

मी म्हटलं, मग तुमच्या नावानं लिहायचं होतं.

त्यांनी चष्मा परत लावला. "माझ्या नावावर कोण विश्वास ठेवते? तू लिहिलं म्हटल्यावर त्यायनं वाचलंबी नाई पूर्ण."

इतकं साधेपणानं म्हणाले. कौतुक केल्यासारखं.

मग म्हणाले, "जबाबात लिही का नजरचुकीनं राहून गेलं. तुझी अजून खूप नोकरी आहे, तू निभावून नेशीन. माझी पेन्शन अडकली तर तुझ्या वहिनीच्या..." वहिनींचं डायलिसिस चालू आहे, मला माहीत आहे. मीच दोनदा सोबत गेले आहे.

बाहेर आले. पाचवीच्या तासाला गेले. गुरुत्वाकर्षण शिकवायला लागले, मग आठवलं, ते पाचवीला नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

इरफानला फोन केला. मधलं पान त्याच्या मोबाइलवर आहे. माझा जुना मोबाइल जूनपासूनच अडकत होता, ऑगस्टमध्ये बदलला, त्यात सगळं गेलं.

त्यानं आधी रोशनी कशी आहे विचारलं. मग, "कंपनीनं सांगितलं आहे मॅडम, या शाळेबद्दल कोणाशी बोलायचं नाई."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला.

अर्ध्या तासानं पान आलं. तारखेसकट. खाली एक ओळ, "माझ्याजवळून आलं हे सांगा लागंन तर सांगा." त्याला मी दोन वेळा भेटले आहे, बस. आणि अठरा वर्षं...

नाही, हे नको लिहायला.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या बसनं गडचिरोलीला गेले. रोशनी बसून होती, उजव्या हातानं भात खात होती. आई खाली चटईवर. मला बघून उठली, जोहार केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

करिश्माची चौकशी केली रोशनीनं. मशीन अजून धन्यवाद म्हणते का विचारलं. मी म्हटलं, बंद करून ठेवलंय सध्या. समितीनं सील लावलंय.

मग ती जराशी लाजत, तक्रार अजिबात नाही, नुसतं माहीत करून घ्यायचं म्हणून विचारल्यासारखं म्हणाली, "मॅडम, गुरुवारी तुमचा तास होता ना आमच्यावर. मी नाई दिसली तर तुमाले काई वाटलं नाई?"

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक पाणी हवं का विचारलं.

गुरुवार, पहिला तास. प्रकाशाचं परावर्तन. मोबाइल उघडला, सगळे हिरवे, मोबाइल ठेवला. खिडकीजवळची तिची जागा रिकामी होती का? असणारच. मी चाळीस मिनिटं त्या वर्गाकडे तोंड करून उभी होते.

परतीच्या बसमध्ये जबाब लिहायला घेतला. सरांनी पान बदललं, हे लिहायचंय. पुरावा आहे, लिहीन. वहिनींचा चेहरा समोर येतो, तरी. पण ते लिहिलं की सगळे म्हणतील, मॅडमनं तर आधीच सांगितलं होतं, मॅडमची काही चूक नाही. आणि मी ते म्हणू देईन.

धानोरा येईपर्यंत एकच वाक्य झालं. "गुरुवार, दिनांक १२ रोजी इयत्ता आठवीचा पहिला तास मी घेतला."

हे वाक्य समितीनं मागितलेलं नाही. हे ठेवलं तर सरांबरोबर मीही जाते. काढलं तर कोणाला कळणार नाही, एक पान तर आधीच बदललेलं आहे.

उद्या अकरा वाजता द्यायचं आहे.