टिपतो म्हणालो होतो

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. मोठे फोटोग्राफर लिहितात. उजेड, लेन्स, मनःस्थिती.
उजेड: बरा. लेन्स: सेकंडहँड. मनःस्थिती: बायको खुराड्यापाशी ओरडते आहे, नंतर लिहितो.

दुपारी १
एक कोंबडी मेली. मान कुरतडलेली, बाकी अंग जसंच्या तसं. मुंगूस. मुलीने त्याला भर उन्हात पाण्याच्या टाकीमागे पळताना पाहिलं. त्या बाजूला कोंबड्यांच्या आवाराची जाळी खाली फाटली आहे. बायको म्हणाली, आजच्या आज बांधा. अकरा पिल्लं तिने स्वयंपाकघरात खोक्यात बल्ब लावून वाढवली होती, आता दहा कोंबड्या उरल्या.
मी शांतपणे समजावलं. जाळी बांधली तर तो दुसरीकडून घुसेल. त्यापेक्षा मी त्याला टिपतो.
बायकोने हातातली मेलेली कोंबडी खाली ठेवली. मग म्हणाली, खरंच टिपाल? म्हटलं, बघच तू. लग्नाला सतरा वर्षं झाली, इतक्या कौतुकाने तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या कलेची तिला कदर आहे, फक्त बोलून दाखवत नाही.
(बाजारातल्या स्टुडिओवाल्याने स्पर्धा ठेवली आहे. विषय ‘थरार’. शेवटची तारीख १५. हा निव्वळ योगायोग.)

३ मार्च
मेहुणा छर्ऱ्याची बंदूक घेऊन आला. बहिणीने मागवली म्हणे. मी कशाला मागवतोय? पण वस्तू उत्तम. माझ्या ट्रायपॉडचा पाय गेल्या आठवड्यात बोकडाने मोडला. बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवला, नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबने कॅमेरा करकचून बांधला. तसूभर हलत नाही.
मेहुण्याने विचारलं, कॅमेरा कशाला? म्हटलं, लांबचं जवळ दिसतं. यात खोटं काय आहे? तो म्हणाला, भावोजींना डोकं आहे. छर्ऱ्यांची डबी दिली. ती खिशात ठेवली, सील न फोडता.
संध्याकाळचा चहा थेट आवारात आला. सोबत बिस्किटं. घरात वजन वाढलं आहे.

५ मार्च
भयंकर दिवस. चार वाजता कडब्याच्या गंजीआड दबा धरला. आमचा कोंबडा, ज्याला सगळे फौजदार म्हणतात, मागून आला आणि माझ्या पोटरीत नख्या रोवल्या. मी लाथ घातली. तो उडून पाठीवर बसला आणि कानाचा लचका तोडला. मी बादली फेकून मारली. ती बोकडाला लागली. बोकडाने मला धडक देऊन हौदात घातलं. कॅमेरा मात्र वर धरला होता. अशा वेळी माणसाची निष्ठा कळते.
रक्ताचा क्लोजअप घेतला. फार छान आला.
पट्टी बांधायला आत गेलो तेवढ्यात मुंगसाने दोन मारल्या. एकीचं डोकं सापडलंच नाही. बायकोने विचारलं, नेम चुकला का? म्हटलं, उजेड कमी पडला. ती म्हणाली, असू दे, उद्या पडेल.
पडेल कशाला? मला तो उभा हवा आहे.

७ मार्च
अजून एक गेली. सात उरल्या. मुंगूस समोर होता, पण मेमरी कार्ड भरलेलं. बायकोला म्हटलं, ऐन वेळी संपलं गं. ती म्हणाली, इतक्यात सगळे छर्रे संपले?
मला खोकला आला.
निश्चय: रोज कार्ड रिकामं करणे. फौजदाराला टोपलीखाली डांबणे. कोणाशीही जास्त न बोलणे.

९ मार्च
झिपरी खुडूक बसली आहे. ही मुलीची कोंबडी, डोक्यावर तुरा नाही, नुसत्या झिपऱ्या. जाळीच्या फाटक्या बाजूलाच खोपट्यात आठ अंड्यांवर बसली. मुलगी म्हणाली, हिला घरात नेऊ या. बायको म्हणाली, खुडूक कोंबडी हलवली तर अंडी सोडेल, पिल्लं व्हायची नाहीत. आणि एकदा बसली की जीव गेला तरी उठत नाही.
मुलीने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हणाली, बाबा, झिपरीला काही होऊ देणार नाही ना? म्हटलं, वेडाबाई, मी बसलोय ना तिथे. तो आला रे आला की टिपलाच.
पोरगी मिठी मारून गेली. खोटं सांगत नाही, गलबलून आलं.

१२ मार्च
पाच उरल्या, झिपरी धरून. आज बायकोचा पारा चढला. मेलेली कोंबडी तिने माझ्यासमोर आपटली. म्हणाली, बंदूक घेऊन दहा दिवस बसताय, मुंगसाचा एक केस तरी पडला का? तार आणि पक्कड काढून जाळी बांधायला निघाली. पक्कड सापडली नाही.
पक्कड माझ्या गादीखाली आहे. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण बघतंय. ते भोक म्हणजेच फ्रेम आहे. चार वाजता बरोबर तिथून तिरपं ऊन येतं. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. फोटो मिळाला की जाळी मी स्वतः बांधणार, दुहेरी.

१४ मार्च, ४.३०
मिळाला! मिळाला! अकरा फोटो!

संध्याकाळी ६
सविस्तर.
४.१२ ला भोकातून आला. झिपरीने पिसं फुलवली, पण अंड्यांवरून उठली नाही. त्याने आधी पंख धरला. तिने त्याच्या तोंडावर चोची हाणल्या, रक्त काढलं. दोन फोटो. मागचंही स्पष्ट यावं म्हणून सेटिंग बदललं. पुन्हा फोटो. कसला तरी आरडाओरडा ऐकू येत होता, पण मी एकाग्रता ढळू दिली नाही. मग त्याने मान धरली.
एवढ्यात बायको फावड्याने दाराची कडी उडवून आत धावत आली. पहिला घाव जमिनीवर, दुसरा त्याच्या कमरेवर. तो किंचाळला, तिच्या घोट्याला चावला. तिसऱ्या घावात दोन तुकडे. तरी ती मारतच होती. अंडी फुटली. आत पिल्लं नुकती आकार घेऊ लागली होती.
मग तिने बंदुकीकडे पाहिलं. म्हणाली, झाडली का नाहीत? मी म्हटलं, मी टिपतो म्हणालो होतो, मारतो कधी म्हणालो? टिपणे या शब्दाचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले.
ती फावडं घेऊन दोन पावलं माझ्याकडे आली. म्हणाली, बाजूला व्हा, नाहीतर आज दुसरा मुडदा पडेल. मी बाजूला झालो. तिने पक्कड नसताना हातांनीच तार पिळून जाळी बांधली. बोटं फाटली. दहा मिनिटांचं काम निघालं.
मुलगी जेवली नाही. बक्षीस मिळालं की तिला दुसरी कोंबडी आणू.

१५ मार्च, दुपारी १२
स्टुडिओत गेलो. त्याने फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले आणि खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, पहिलं बक्षीस तुमचंच, काय थरार आहे!
मग म्हणाला, मागे जाळीपलीकडे ही मुलगी कोण?
मी पाहिलं. शाळेचं दप्तर पाठीवर, दोन्ही हातांनी जाळी धरलेली. आवाराच्या दाराची कडी माझ्या बाजूने लावलेली होती, तिला आत येता येत नव्हतं. ती मुंगसाकडे बघत नाही, झिपरीकडेही नाही. सरळ माझ्याकडे बघते आहे. पहिल्या फोटोत तिचे ओठ मिटलेले, दुसऱ्यात तोंड उघडं, तिसऱ्यात पुन्हा मिटलेले, चौथ्यात उघडं. असे सात फोटो.
स्टुडिओवाला म्हणाला, काहीतरी ओरडत असावी.
आठव्यात ती नाही. ती आईला आणायला पळाली होती.
त्याने फोटोंच्या वेळाही दाखवल्या. पहिला ४.१२.०६, अकरावा ४.१२.४९. सातव्या फोटोपर्यंत झिपरीची मान सरळ आहे.
फॉर्म भरला नाही. म्हटलं, विसरलो घरी काहीतरी.

संध्याकाळी ७
घरी सांगितलं की फोटो बिघडले, सगळे धूसर आले. बायको बोटांना हळद लावत होती, तिने वर पाहिलं नाही.
मुलीने विचारलं, मी आलेय का त्यात?
म्हटलं, नाही गं.
ती म्हणाली, पण मी तर समोरच उभी होते, बाबा.