सापासाठी कोणती गोळी

ब्रह्मपुरी,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय रश्मीस,
तुझ्या बाईचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. धान पोटरीत आला आहे. आमच्या साक्षीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि ती माझी साडी गुंडाळून आरशासमोर उभी असते. आईच्या गुडघ्यांना रोज तेल चोळते. गुण काही येत नाही, पण चोळून घ्यायला तिला आवडतं.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुझ्या रेंज ऑफिसात टॉवर नाही, आणि तू टेकडी चढून फोन करतेस तेव्हा तो माझ्या नंबरवर येत नाही. म्हणून हे पत्र. आलापल्लीच्या गाडीचे कंडक्टर लोकेशभाऊ ओळखीचे आहेत, त्यांच्या हाती देते आहे. सोबत गमबूट आहेत. घालून बघ.

तुझा प्रश्न पोचला. पायी गस्तीला निघताना वनखात्याच्या पिस्तुलात सापासाठी कोणती गोळी भरावी? विचारलंस तुझ्या भाऊजींना, पण आमचं घर दोन खोल्यांचं, मलाही ऐकू आलं. तेव्हापासून स्वारी हवेत आहे. आयुष्य फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं आणि आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतात, तर लोक त्यांना पैसे भरायची चिठ्ठी कुठे मिळते ते विचारतात. अशा माणसाला रेंजर मॅडमने सल्ला मागावा, मग काय विचारतेस. कॅलेंडरच्या पाठीवर काडतुसांची चित्रं काढून झाली. जेवताना ताटात कांद्याच्या फोडी मांडून साक्षीला छर्रे कसे पसरतात ते दाखवलं.

ऐकून ऐकून मीही शहाणी झाले. साधी गोळी म्हणे हलत्या सापाच्या डोक्याला लागणं कठीण, आणि खाली खडक असला तर ती कुठे उसळेल याचा नेम नाही. लागल्यावर फुलणारी एक गोळी असते, तीही चुकली की तेच. तिसरं छर्‍याचं काडतूस. ते दोन पावलांवर उपयोगाचं, त्यापलीकडे फुसकं. शिवाय पिस्तुलात पुढचं काडतूस अडकवून बसतं आणि तुमच्या खात्यात मिळतही नाही. एवढं सगळं ते तुला समजावत होते, सावकाश, हसत. माझ्याशी हा माणूस 'भाजीत मीठ कमी हाय' याच्या पलीकडे जात नाही.

मग त्यांनी आठवडाभराची रजा टाकली. पुढच्या सोमवारी तुझ्याकडे निघायचं, तुला समोर बसवून सगळं समजवायचं. शेजारच्या ज्योत्स्नाबाईंनी हसत 'साली आधी घरवाली' म्हणून घेतलं. मीही हसले आणि तव्यावरची पोळी करपवली.

स्पष्टच लिहिते, मला जळलं. तुझी वर्दी, तुझी जीप, तुझ्या कमरेचं पिस्तूल, हे सगळं मी गावभर कौतुकाने सांगत असते. पण माझा नवरा तुझा फोन आला की नवा शर्ट घातल्यासारखा दिसतो, हे मला पाहवत नव्हतं. मनात नको ते आलं. तुझ्याबद्दल, पाठच्या बहिणीबद्दलही आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

परवा तुझा फोन आला आणि ते अंगणात गेले. मी न्हाणीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. हो, चोरून ऐकलं. हत्यारांपायी त्यांचा एक कान गेला आहे, त्यामुळे ते फोन स्पीकरवरच लावतात.

"भाऊजी, साप काईच करत नव्हता," तू म्हणत होतीस. "घोणस होती, खडकावर पडून होती. मीच घाबरली. गोळी खडकावर लागली अन् टवका लटारूच्या पोटरीत घुसला. साहेबाले मी सगळं खरं सांगतलं, चौकशी लागली. पण त्याच्या घरी जायाची हिंमत होत नाई. बुधरीले तोंड कसं दाखवू?"

लटारू म्हणजे तुझा तो वनमजूर, तुला पहिल्या दिवशी वाटा दाखवणारा, आणि बुधरी त्याची बायको, हे मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस, जेव्हा मला सांगायचीस. पुढे तू रडत होतीस. आणि मग म्हणालीस, "बाईले नका सांगू. मले नोकरी सोडाले लावते."

न्हाणीतल्या बादलीवर बसून राहिले मी. नवरा हातचा चालला म्हणून धुसफुसत होते आणि तिथे बहीण गेलेली निघाली. तेव्हापासून माझा सगळा हेवा तुझ्या भाऊजींवर आहे. तुझं रडणं त्यांना मिळालं. ते तर गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीत वाढलेले, मोहाचं झाड पहिल्यांदा पाहिलं ते माझ्यासोबत. पहाटे मोह वेचायला जाताना तुझ्या पुढे काठी आपटत कोण चालायचं? "पाय जोरात टाक, त्याले समजू दे आपण आलो," हे कोण सांगायचं? सापाची गोष्ट होती गं, रश्मी. मला विचारायची होती.

रात्री भांडण झालं. मी म्हटलं, "तुमी जाऊ नका, मी जातो." ते म्हणाले, "तुले गोळीतलं का समजते?" म्हटलं, "मग सांगा, कोणती गोळी?" त्यांनी कॅलेंडर सुलटं करून पुन्हा खिळ्याला अडकवलं. मग म्हणाले, "सापासाठी गोळी नसते. पाहून चालाव, अन् तो दिसला तर थांबाव." एवढंच सांगायला त्यांना आठवडा लागणार होता, कारण तुला ते ऐकून वाईट वाटेल याची भीती होती. किती जपतात बघ तुला. हेवा काही सरला नाही माझा, सोबत घेऊनच येते आहे.

२९ तारखेच्या, सोमवारच्या गाडीने मी येते. नोकरी सोड म्हणणार नाही, हे आईच्या पायाजवळ बसून लिहिते आहे. तू फक्त लटारूच्या घरची वाट दाखव. बुधरी शिव्या देईल, द्यायलाच हव्यात. तिच्या दारात तुला काय बोलायचं ते तूच बोल. मध्ये पडणार नाही, पण तुला सोडून बाहेरही जाणार नाही.

तुझी, तुझ्या भाऊजींच्या आधीपासूनची,
बाई