बयेची उस्तवार

सोमवार, ३ नोव्हेंबर

अन् वर म्हणती, "आई, ती कुणाला काय करत नाय!" तळहाताएवढा केसाळ कोळी काचेच्या पेटीत घालून प्रेरणा पुण्याला नोकरीला गेली. लोकांच्या लेकी आईजवळ नातवंडं ठेवून जातात. माझी बघा! सोबत रातकिड्यांचा डबा — कोळ्याचं, म्हंजे या बयेचं जेवण. स्वयंपाकघरात किरकिर, हॉलमध्ये बया, मधे मी येडी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाण्याची वाटी भरली. पेटीतली माती एका कोपऱ्यात भिजवली. रातकिडा सोडला. तिनं पाठ फिरवली. अगदी प्रेरणावाणी!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अजून उपाशी. रातकिडा तिच्यापुढं जावयासारखा निवांत फिरतोय.

शेजारच्या चंपाबाई दारातूनच म्हणाल्या, "अख्ख्या उस्मानपुऱ्यात असलं ध्यान कुणी पाळलं नाय. नजर लागली असंल."

"हिला? हिला बघून नजरच पळंल!"

असं म्हटलं, अन् त्या गेल्यावर मीठ-मिरच्या घेतल्याच. पेटीवरून उतरवून तव्यावर टाकल्या. असा ठसका लागला! म्हंजे नजर नव्हतीच. तेवढ्यात प्रेरणाचा फोन. मी हौसेनं सांगितलं. लई ओरडली. "धूर कशाला केलास? मरंल ती! खिडक्या उघड! कात टाकणारे म्हणून खात नाय. रातकिडा काढ आधी — कात टाकताना अंग मऊ असतं, तोच तिला कुरतडंल!"

पापडाच्या चिमट्यानं किडा काढला. पन्नाशीला आले, अन् अक्कल मिरचीएवढी!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बया उताणी पडली. पाय वर. प्रेरणा फोनवर म्हणाली, "कात अशीच टाकती, हात लावू नको." नाय लावला. नुसती पुढ्यात बसले. भाजी करपली. देवाला म्हटलं, माझ्या मिरच्या हिला भोवू नको देऊ. कोळ्यासाठी नवस! कुणाला सांगायची सोय नाय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

निघाली! जुनं कातडं पायांसकट बाजूला, अन् बया शेजारी, काळी कुळकुळीत. चंपाबाई किंचाळल्या, "अगं बाई, दोन झाल्या!" खरं सांगितलंच नाय. राहू दे, थोडे दिवस साखर मागायला येणार नाय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जेवली!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

प्रेरणाचा फोन. पुण्यातला कुणी कोळी पाळणारा रविवारी येऊन तिला नेणार. "सुटलीस बघ, आई!" माझं तोंड सुटलंच — उताणी पडली तवा पुढ्यात कोण बसलं होतं? तो? बया इथंच राहील. त्याला तू नाय म्हणतीस का मी दाराला कुलूप लावू, ते शनिवारपर्यंत मला सांग!