आईच्या खाटेपुरती जागा

सोमवार, ७ एप्रिल
दुपारी शेंदूरजनाघाटला पोचले. येत्या शनिवारी आईला अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी. खुब्याचं ऑपरेशन. डॉ. म्हणाले, वॉकर फिरेल एवढी मोकळी जागा हवी, पुन्हा पडल्या तर अवघड आहे.

या घरात वॉकर सोडा, मांजर सरळ चालत नाही. पुढच्या खोलीत विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी, मधल्या खोलीत मोटारी, न्हाणीच्या वाटेत मोटारी. बाबांनी जन्मभर वाइंडिंग केलं, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरायची; तीन वर्षांपूर्वी थांबले. लोकांनी विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायची. मग पाणी आटलं, नाहीतर नवी घेतली, जुनी न्यायला कोणी फिरकलं नाही. प्रत्येकीला तारेने चिठ्ठी बांधलेली: नाव, गाव. आई अडखळून पडली त्या मोटारीची चिठ्ठीही वाचली मी. माणूस कधीच गाव सोडून गेलाय.

मंगळवार, ८
सलीमभाई टेम्पो घेऊन आले. अकोल्याला जुन्या शहरात त्यांचं भंगाराचं दुकान आहे, मीच बोलावलं होतं. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले.
“लोकाइची अमानत हाय थे. विकाले माह्या बापाचं हाय काय?”
म्हटलं, आईचा तरी विचार करा. “थे येऊन राहिली न शनवारी. करू जागा.” कुठे करणार, विचारलं तर उठून आत गेले.
वाटलं, सलीमभाई समजावतील. तर ते म्हणाले, “ताई, अमानत का माल मैं नहीं उठाता. ज्याची मोटार हाय त्याले हो म्हनू द्या, एका दिवसात घर रिकामं करून देतो.”
दोघे एकाच माळेचे मणी. टेम्पो रिकामा गेला. चीड आली, आणि चीड कोणावर काढायची तेही कळेना.

बुधवार, ९
चिठ्ठ्यांवरची नावं वहीत उतरवून घेतली. एक्केचाळीस मोटारी. गावात नंबर विचारून सकाळपासून फोन.
एक जण: “नेतो न ताई, पेरनीच्या आंधी.” कोणत्या पेरणीच्या, ते बोलला नाही.
एकाचे वडील गेले. “बाबाची आठवन हाय थे, इकू नका.” मग घेऊन जा म्हटलं. “आमच्या इथं जागा कुठी हाय?”
दोन भावांच्या वाटण्या झाल्यात. दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय पहिला हो म्हणत नाही, आणि दोघांचं बोलणं बंद.
संध्याकाळपर्यंत तीन होकार. तीन!

गुरुवार, १०
सुचलं एकदाचं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: मिस्त्रींच्या घरी ज्यांचं सामान आहे त्यांनी उद्या घरी येऊन भेटावं. फार ताणायला नको म्हणून इतकंच लिहिलं. स्वतःवर जरा खूश होते.

शुक्रवार, ११
करायला गेले एक आणि झालं भलतंच. गावभर झालं की मिस्त्रीनं दुकान पुन्हा सुरू केलं. कुलर काढायचे दिवस. सकाळी आठपासून दारात कुलरच्या मोटारी, पंखे, एक मिक्सर. “काका, तुमी सुरू केलं म्हने?” मी दारात उभी राहून नाही नाही म्हणत होते, आणि बाबा माझ्या मागून हात घालून सामान आत घेत होते. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. तीन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.
गेल्या दोन मोटारी. आलं अकरा नग सामान.

दुपारी रागाने बोलायलाच गेले. ते खिडकीशी बसून पंख्याच्या मोटारीत तार भरत होते. तार खाचेत जाईना. हात थरथरत होता. पुन्हा, पुन्हा. मग तार खाली ठेवून दिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीच न पाहिल्यासारखं करून स्वयंपाकघरात गेले. तिथे रडले. म्हणजे हे काहीच दुरुस्त होणार नाही, आणि काहीच जाणारही नाही.

शनिवार, १२
हनुमान जयंतीचा महाप्रसाद, त्यामुळे उचलाउचलीला माणूस मिळाला नाही. मी एकटीने चार मोटारी अंगणात ओढल्या, पाठ धरली. आईची गाडी आली. वॉकर उंबऱ्यापर्यंत आला, पुढे नाही. आई पाच मिनिटं उन्हात उभी. शेवटी शेजारच्या निर्मलाकाकूंनी त्यांची ओसरी दिली, खाट तिथे टाकली. बाबा उशी घेऊन मागे मागे आले.
बाबा गेल्यावर मी आईला म्हणाले, उद्या मी सगळं रस्त्यावर फेकते. आई म्हणाली, “त्याले काई बोलू नको बाई. लय दिवसानं मानूस मानसात आला.”
आणि तू, विचारलं. भिंतीकडे तोंड केलं तिने.

रविवार, १३
सकाळी बाबांनी स्वतः चहा करून काकूंच्या ओसरीवर नेला. मी सोबत. मागोमाग एक जण आला, कुलरचं विचारायला.
“आठ दिवसानं ये,” बाबा म्हणाले. तो गेला.
आईने बशी खाली ठेवली. “अन् मी घरी कवा येऊ?”
“आठ दिवसात करून देतो.” तोच आवाज. खोटं बोलत होते असं नाही, त्यांना खरंच वाटत असावं.
आई बरं म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती त्यांच्या हातांकडे पाहत होती. त्यांच्या हातातली कपबशी वाजत होती.
माझी रजा उद्या संपते.