बिनहवेचा चिखल

१२ एप्रिल, शनिवार
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या संशोधकांच्या डायऱ्या असतात, माझी नाही हे बरं दिसत नाही. पीएचडीला शेवटची मुदतवाढ मिळाली, जूनअखेरपर्यंत. तोवर सेमिनार पास झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि रोह्याच्या कॉलेजात मी जन्मभर हंगामी लेक्चरर. पण जून लांब आहे.

१६ एप्रिल
लिहायचं राहिलं. विषय स्वतःसाठी मांडून ठेवतो. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रात ऑक्सिजन होता का? तेव्हाचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. पण लोखंड आणि गंधक साक्षीला आहेत. ऑक्सिजन नसला की दोघांचं जमतं आणि पायराइट तयार होतो. ऑक्सिजन आला की संसार मोडतो, उरतो गंज. जुने दगड माझ्या गाइड समीक्षा मॅडमकडे तयार आहेत. त्यांच्याशी ताडून बघायला आजचा, हवा न लागलेला चिखल मी आणायचा. तो आमच्या वडखळच्या खाडीत ढिगाने आहे.
मॅडम माझ्यापेक्षा लहान आहेत. मुद्दा नाही, पण नोंद असावी.

२० एप्रिल, रविवार
खाडीत उतरलो. गुडघ्यापर्यंत रुतलो. एक चप्पल खाडीनेच ठेवून घेतली. चिखल मात्र काळाभोर, सडक्या अंड्याच्या वासाचा, म्हणजे हवा न लागलेला, अव्वल. आईच्या लोणच्याच्या बरण्या भरून आणल्या. मॅडम म्हणाल्या, वर नायट्रोजन भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. नागोठण्याला कंपनीत असलेला प्रविण सिलिंडर देतो म्हणाला होता, आता फोन उचलत नाही. फ्रीझरमध्ये बोंबील आहेत. आई म्हणते, चिखलाचा वास त्यांना लागेल. बोंबलांना. असल्या घरात संशोधन करायचं! तूर्त झाकणांना सेलोटेप लावली. टेप चांगल्यातली आहे.

२५ एप्रिल
परीक्षेच्या ड्युट्या माझ्याच वाट्याला. दोन आठवडे कॉलेजजवळ, अष्टमी गावात, सहकारी विशालच्या खोलीवर मुक्काम. निघताना बरण्या आईला सोपवल्या. लॅबमध्ये नंबर पावसाच्या तोंडावर लागणार, तोवर माल नीट टिकला पाहिजे, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "पावसाल्यात टिकवायचा ना? माझ्यावर सोड." ऑक्सिजन वगैरे तिला सांगत बसलो नाही. उगाच गोंधळ व्हायचा.
अष्टमीत रोज संध्याकाळी थिअरीचं प्रकरण लिहायचं, ठरलं.

३ मे
प्रकरण सुरू नाही. विशालचा पंखा आवाज करतो. अशा वातावरणात विचार होत नाही.

१० मे
घरी. आईची आगोटीची धांदल चालू. पावसाळ्याची बेगमी म्हणून वाल, चिंच, मिरच्या, सुकट, सगळं गच्चीवर उन्हात. पाय ठेवायला जागा नाही. बरण्या मात्र जागच्या जागी, टेपसुद्धा नवीन लावलेली. वासही गेला आहे. चिखल स्थिरावला असावा.

९ जून
मेअखेरीस लॅबला दिलेल्या बरण्यांचे आकडे आले. पायराइट नावाला, बाकी गंजच गंज. चहा घेतला आणि उलगडलं. आमच्या खाडीच्या चिखलात मुळापासून ऑक्सिजन आहे! आजवर सगळे चुकत होते. पुस्तकं बदलावी लागतील. मॅडमना सेमिनारआधी काही सांगणार नाही. लोक श्रेयात वाटा मागतात.

२४ जून, मंगळवार
सेमिनार. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आणल्यानंतर चिखलाला हवा लागली होती का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. मग खाडीत सडक्या अंड्याचा वास कशाचा होता, असं त्यांनी विचारलं. मी पाणी मागितलं. बाहेर येऊन आईला फोन लावला.
"ओला गच्च व्हता रं. बुरशी धरली असती. झाकणा काढून गच्चीवर पसरला, ढेकला फोडली, आठ दिस चांगला उन दाखवला. मंगच भरला. पावसाल्यात ठेवायचा माल असाच ठेवत्यात."
आत जाऊन खरं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा चिखल आणायला महिना मागितला. त्या म्हणाल्या, मुदत माझ्या हातात नाही.

३० जून
रजिस्ट्रेशन रद्द झाल्याची मेल आली. इतकी वर्षं मातीत गेली. संताप आईवर काढायचा असं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ती बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "मॅडमला पसंत पडली का रं माती?"
म्हटलं, पडली.
ती खूश झाली. म्हणाली, पुढच्या साली जास्त आण, वालांबरोबरच वाळवून टाकू. मी बरं म्हटलं आणि वाल सोलायला बसलो.